तू पाठवलेली बारा गाणी

सांगली,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. यंदाची तुझी बारा कोरियन गाणी, आणि खाली एक ओळ : ‘अप्पा, नुसती ऐकू नका, तुमची कुठली ते सांगा.’ गेला आठवडाभर क्लासची मुलं गेली की दार लावून घेतो आणि की-बोर्डसमोर बसून एकेक ऐकतो. आधी नुसतं ऐकायचं, मग सूर सापडतात का बघायचं, मग मुखडा हातात बसवायचा. फोनवर हे सांगणं होत नाही. सोलमधलं तुझं घड्याळ साडेतीन तास पुढं, माझं बोलणं रंगात येईपर्यंत तुझे डोळे मिटायला लागतात. म्हणून लिहितोय.

माझा पहिला नंबर डे सिक्स या बँडचा. तू त्यांना सातव्या जागी ठेवलंयस, मी वर उचलले. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या माणसाला स्टेजवर चौघं जण आपापलं वाद्य घेऊन उभे दिसले की काय होतं, ते तुला सांगायला नको. संगजिन गिटारवर, यंग के बासवर, दोउन ड्रम्सवर आणि वनपिल की-बोर्डवर. मी सगळा वेळ वनपिलचे हात बघत बसतो. कॅमेरा दुसरीकडं गेला की चिडतो, आई हसते.

‘वेलकम टू द शो’ मार्चमध्ये आलं, तुझं कॉलेज सुरू झालं त्याच महिन्यात. चौघंही सैन्यातली सक्तीची नोकरी पुरी करून परत आले, आणि त्यानंतर चौघांनी मिळून केलेलं हे गाणं. इतके दिवस वाद्यापासून लांब राहिल्यावर हात कसे जड होतात ते मला ठाऊक आहे. माझं मनगट मोडलं होतं त्या वर्षी तीन महिन्यांनी पहिल्यांदा बसलो, तर साधी सरगम अडखळत होती. ही पोरं परत आली ती अशी, की जणू कालच कार्यक्रम झाला होता.

पण माझं खरं गाणं त्यांचं दुसरंच आहे, आणि ते यंदाचं नाहीच. ‘टाइम ऑफ अवर लाइफ’ २०१९ चं. तू ते यादीत घातलंस आणि कंसात लिहिलंस, ‘जुनं आहे, पण यंदा सगळीकडे हेच वाजतंय.’ पाच वर्षांनी गाणं परत वर चढलं, कुणी सिनेमात घेतलं म्हणून नाही, लोकांनी मैदानांवर, कॉलेजांच्या समारंभांत गाऊन गाऊन वर नेलं. त्याच्या मूळ कोरियन नावाचा अर्थ तू सांगितलास, ‘एक पान होता यावं म्हणून’. तुझ्याकडून ती अक्षरं शिकलोय ना, ते नाव मी स्वतः वाचलं. एकेक चौकोन फोडून वाचायला पाच मिनिटं लागली, पण वाचलं. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये ही लिपी लोकांपुढं ठेवली ती साध्या माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून, हे तू सांगितलेलं तेव्हा नीट कळलं.

आणि त्या लिपीत मी पहिला शब्द कुठला लिहिला, आठवतंय ना? अप्पा. त्यांच्यात बापाला अप्पाच म्हणतात, हे तू पहिल्या आठवड्यात फोनवर ओरडून सांगितलं होतंस. वर्गातल्या मुलींना वाटलं, तू मराठीत बोलताबोलता मध्येच कोरियन घुसवतेस. आजीला हे अजून खरं वाटत नाही.

आता गायिका आययू. ‘लव्ह विन्स ऑल’ २४ जानेवारीला आलं, तेव्हा तू इथंच होतीस, अर्धी बॅग भरलेली होती. तू आणि आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मोबाइलवर बघत होतात आणि दोघी रडत होतात. मला वाटलं, जायचं जवळ आलं म्हणून. आता शांतपणे बघितलं. ती दोघं, आययू आणि बीटीएस या ग्रुपमधला व्ही, पडक्या इमारतीत लपलेली, मागं तो हवेत तरंगणारा चौकोनी ठोकळा लागलेला. त्यांना जुना व्हिडिओ कॅमेरा सापडतो. त्याच्या छोट्या पडद्यातून बघितलं की दोघं धडधाकट, नीटनेटकी, लग्नाच्या कपड्यांत दिसतात. पडद्याच्या बाहेर आहेत तशीच, जखमी आणि मळलेली. नुसत्या पियानोवर गाणं सुरू होतं आणि वाढत जातं, आणि शेवटी कपड्यांचा ढीग तेवढा उरतो. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघवलं नाही.

त्याच्या नावाची हकिगत तू सांगितलीस तीही मला फार आवडली. आधी नुसतं ‘लव्ह विन्स’ ठेवलं होतं. समलिंगी माणसांनी आपल्या हक्कांसाठी वापरलेली ती घोषणा, ती अशी पुसट होऊन जाईल असं लोकांनी म्हटलं, आणि गाणं बाहेर पडायच्या आधी तिनं नाव बदललं. एवढी मोठी गायिका, तिला कोण अडवणार होतं? तरी तिनं ऐकून घेतलं.

बाकीची भराभर सांगतो. टीडब्ल्यूएसचं ‘प्लॉट ट्विस्ट’ गोड आहे, सहाही पोरं नुकती दहावी पास झाल्यासारखी दिसतात. त्याचं कोरियन नाव ‘पहिली भेट ठरवल्यासारखी होत नाही’, आणि तुझी सोलशी पहिली भेट आठवली. विमान कंपनीनं बॅग मागंच ठेवली, बाहेर शून्याखाली पारा, आणि तू आईची शाल गुंडाळून सिंचोनच्या त्या खोलीत दोन दिवस काढलेस. आम्हाला सांगितलंस ते बॅग मिळाल्यावर. इलिटचं ‘मॅग्नेटिक’ कानाला चिकटतं खरं. पहिल्याच गाण्यानं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये जाणारा कोरियातला हा पहिला ग्रुप, त्यांचं कौतुक आहेच. पण माझ्या हाताला त्यात काही वाजवायला सापडेना.

एस्पाचं ‘सुपरनोव्हा’ मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बंद केलं होतं, ते आता रोज लावतो. कोरियात त्यांच्या आवाजाला ‘लोखंडाची चव’ म्हणतात, हे तू लिहिलंस आणि गाणं उघडलं. लहानपणी मोटेच्या विहिरीवर लोखंडी साखळीला जीभ लावून बघायचो आम्ही, तीच चव. ऑक्टोपॅडवर पत्र्याचा आवाज लावला तर पोरं ‘काका, कर्कश होतंय’ म्हणून बदलायला लावायची. इथं सगळं गाणंच त्या पत्र्यावर उभं केलंय आणि वर चार मुलींचे आवाज स्वच्छ ठेवलेत. एवढ्या गर्दीत एकही आवाज दुसऱ्याच्या पायात येत नाही. हे मिक्सिंग करणाऱ्याचे हात बघायला मिळाले तर मी सोलला चालत येईन. कोरियन संगीताच्या ‘मामा’ पुरस्कारांत वर्षाचं गाणं म्हणून त्याचीच निवड झाली, ती योग्य झाली.

‘आपातु’. कोरियन गायिका रोझे आणि अमेरिकेचा ब्रुनो मार्स. १८ ऑक्टोबरला आलं आणि दिवाळीपर्यंत माझ्या क्लासमधल्या आठ वर्षांच्या पोरांनाही पाठ होतं. मी त्यांना बेसूर बोटांनी ते वाजवताना ऐकत होतो, अर्थ माहीत नव्हता. तू सांगितलंस : आपातु म्हणजे अपार्टमेंट, आणि हा दारू पिताना खेळायचा खेळ. सगळ्यांनी हातावर हात ठेवून थर लावायचा, एकानं आकडा सांगायचा, मग सगळ्यांत खालचा हात काढून वर, परत खालचा वर, असे मजले चढवत जायचे. सांगितलेल्या मजल्यावर ज्याचा हात, त्यानं पेला उचलायचा. तुम्ही होस्टेलवर ज्यूसवर खेळता म्हणालीस, मी मानलं. गाण्याच्या सुरुवातीला त्या खेळाचीच हाळी आहे, चेयंगला आवडणारा खेळ म्हणून. चेयंग म्हणजे रोझेच. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, मेलबर्नमध्ये वाढलेली ही मुलगी जगाला गाणं ऐकवायला बसली, आणि आपल्या मित्रमैत्रिणींत टाळी देत खेळायचा खेळच तिनं पुढं केला. दुसरी कुणी अमेरिकेला रुचेल असं काहीतरी शोधत बसली असती.

त्याच्या निमित्तानं तू ते जुनं गाणं पाठवलंस त्याबद्दल तर तुझे किती लाड करू! युन सू-इल यांचं १९८२ चं ‘आपातु’. सुरुवातीला दारावरची घंटा वाजते आणि मग तो ठेका. मी तेव्हा सातवीत होतो. सांगलीत तेव्हा अपार्टमेंट म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिकडं हान नदीकाठी इमारतींच्या रांगा उठत होत्या. माणूस पूल ओलांडतो, वाऱ्यात डोलणारं बोरू-वेताचं बन पार करतो, तिच्या दारात पोचतो, आणि घरात कुणीच नाही. एवढं दुःख आणि चाल मात्र नाचायची. यंदा रोझेच्या गाण्यानं ते परत वर आलं आणि लोक म्हणायला लागले, जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला. मुंबईच्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या सोसायटीचं दहा वर्षं रखडलंय, त्यांना रोझेकडं पाठवा. मी ते गाणं पूर्ण बसवलंय, घंटेसकट.

आता ज्याच्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते.

३ डिसेंबरला संध्याकाळी सातची बॅच नुकती बसली होती. आई धावत आली, फोन पुढं केला. तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला होता, १९८० नंतर पहिल्यांदाच. तुझा मेसेज होता, ‘मी खोलीत आहे, दार बंद आहे.’ मी मुलांना घरी पाठवलं. टीव्हीवर शिपाई संसदेच्या काचा फोडून आत शिरत होते, बाहेर रात्रीच्या थंडीत माणसं त्यांना आडवी होत होती. आपल्याकडचे साडेनऊ वाजले तेव्हा हजर असलेल्या १९० खासदारांनी, सगळ्यांनी, तो कायदा उठवायला मत दिलं. राष्ट्राध्यक्षांनी तो मागं घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा इथं एक वाजला होता. आजी तोपर्यंत देवापुढं बसून होती.

मी तुला बाहेर पडू नको म्हणून बजावलं. परदेशी माणसानं तिथल्या राजकारणात उतरायला कायद्यानं बंदी आहे, हे तुलाही माहीत होतं, आणि तू ऐकलंस. पण तुझ्या मैत्रिणी गेल्या आणि त्यांनी काढलेले व्हिडिओ तू पाठवत राहिलीस. संसदेजवळ येउइदोच्या रस्त्यावर लाखभर मुलींच्या हातात मेणबत्त्यांच्या जागी लाइटस्टिक, म्हणजे आपापल्या लाडक्या ग्रुपच्या दिव्याच्या कांड्या. कुणाचा ससा, कुणाचा गुलाबी हातोडा, कुणाचा काचेचा गोळा. ‘आपातु’ वाजत होतं, एस्पा वाजत होतं, आणि डे सिक्सचं माझं गाणं. घोषणा आणि गाणं एकाच ठेक्यावर चाललं होतं, आणि उचल कुठं चुकत नव्हती. मी गणपतीच्या मंडपांत मोठमोठ्या गर्दीपुढं वाजवलंय. गर्दी दोन ओळी एका लयीत म्हणते, तिसऱ्या ओळीला पांगते. ही पांगली नाही. आययूनं तिथं येणाऱ्या आपल्या चाहत्यांसाठी जवळच्या दुकानांत पाव आणि गरम पेयांचे पैसे आधीच भरून ठेवले होते, हे वाचलं तेव्हा जानेवारीतलं ते ओट्याजवळचं गाणं परत आठवलं.

१४ तारखेला महाभियोगाचा ठराव २०४ मतांनी पास झाला. आपल्याकडं दुपारचा दीड. आणि लाउडस्पीकरवर ‘इनटू द न्यू वर्ल्ड’ सुरू झालं. गर्ल्स जनरेशनचं पहिलं गाणं, २००७ चं. तू पाच-सहा वर्षांची असशील. इव्हा विद्यापीठातल्या मुलींनी २०१६ मध्ये पोलिसांपुढं एकमेकींच्या हातात हात अडकवून हेच म्हटलं होतं, तेही तू दाखवलंस. तिथं ना वाद्य, ना माइक, घाबरलेले आवाज, तरी सूर धरून. तुझ्या बारा गाण्यांत ते नाही, कारण ते यंदाचं नाही. माझ्या यादीत ते शेवटी आहे, आणि त्याला मी नंबर दिलेला नाही.

चिऊ, बारावीत तू साठवलेल्या पैशांतून बीटीएसची ती लाइटस्टिक मागवली होतीस. मी केवढा ओरडलो होतो. ‘साधी बॅटरी आहे, एवढे पैसे?’ म्हणालो होतो, तू दोन दिवस जेवली नव्हतीस, आणि ती कपाटात मागं गेली ती गेलीच. जातानाही तू नेली नाहीस. त्या दुपारी मी ती शोधून काढली. आत जुने सेल फुटून हिरवं धरलं होतं, ते सुरीच्या टोकानं खरवडलं, नवे तीन सेल घातले. पेटली. आई, आजी आणि मी, तिघं व्हिडिओ संपेपर्यंत ती टीव्हीसमोर धरून बसलो होतो. माझं चुकलं होतं गं.

आता ती की-बोर्डच्या स्टँडला टेकवून ठेवलीय. सुट्टीला येशील तेव्हा घेऊन जा. आई म्हणते, येताना तिथलं ते भाजलेल्या तिळाचं तेल आण, मागचं संपलं. लाइटस्टिकचे सेल मी काढून वेगळे ठेवलेत, परत गळायला नकोत.

तुझे,
अप्पा