40 लिथियम सेल आणि सक्शन मशीनच्या एका पॅकबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कामाला न चालणारे लिथियम सेल दिल्याबद्दल आणि सक्शन मशीनच्या पॅकमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) न बसवल्याबद्दल

महोदय,
स. न. वि. वि.

हिंगणा एमआयडीसीत माझं यंत्रदुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि हाताखाली दोन पोरं, एवढाच कारभार. जानेवारीत तुमच्याकडून लिथियम थायोनिल क्लोराईडचे 40 सेल घेतले. डी साइझ, 3.6 व्होल्ट, 19 अँपिअर-अवर. जीएसटीसह 54,280 रुपये आगाऊ भरले. मे महिन्यात एका रुग्णालयाच्या सक्शन मशीनसाठी, म्हणजे रुग्णाचा कफ ओढणाऱ्या यंत्रासाठी, लिथियम-आयन पॅकही तुमच्याकडूनच घेतला. दोन्ही वेळा फसगत झाली. चारदा फोन केला, दरवेळी एकच उत्तर मिळालं : “व्होल्टेज बरोबर आहे ना, मग बॅटरी चांगली आहे.” म्हणून हे पत्र.

सेल बुटीबोरीतल्या पाण्याच्या मीटरसाठी होते. मीटर आठवडाभर नुसतं मोजत बसतं, त्याला मायक्रोअँपिअरमध्ये करंट पुरतो. सोमवारी पहाटे त्यातला जीएसएम मोडेम सुरू होऊन मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवतो, तेव्हा क्षणाक्षणाला 2 अँपिअरपर्यंतचे झटके बसतात. जुन्या पॅकमध्ये सेलला चिकटून बोटाएवढी एक नळकांडी होती, हायब्रिड कपॅसिटरची. झटका ती सोसायची आणि सेल तिला सावकाश भरत राहायचा. हे सगळं मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, जुन्या पॅकचा फोटोही पाठवला होता. त्यांचा मेसेज माझ्याकडे जपून ठेवला आहे : “त्या नळीचे पैसे कशाला घालता, आमच्या सेलची क्षमता जास्तच आहे.” डेटाशीट मागितली, ती आली सेल बसवून झाल्यावर. तिच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच छापलं आहे की हा बॉबिन बांधणीचा, म्हणजे थोडा थोडा करंट दीर्घकाळ देणारा सेल सलग 230 आणि क्षणभर 500 मिलिअँपिअर देतो. 2 अँपिअरच्या कामाला 500 मिलिअँपिअरचा सेल!

मार्चपर्यंत मीटरच्या सर्किट कार्डावरच्या कपॅसिटरच्या जोरावर कसंबसं निभलं. मग ऊन तापलं. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. मीटरच्या लोखंडी पेटीत मी थर्मामीटर ठेवून पाहिला, दुपारी अडीच वाजता 61 अंश. हा सेल 85 अंशांपर्यंत चालतो हे खरं आहे. पण त्यातल्या लिथियमवर लिथियम क्लोराईडचा पातळ थर आपोआप धरत असतो. त्या थरामुळेच हा सेल वर्षानुवर्षं पडून राहिला तरी उतरत नाही. उष्णतेत मात्र तोच थर जाड होतो, आणि अचानक मोठा लोड आला की व्होल्टेज कोसळतं. एकेक करत 23 मीटर मुके झाले.

नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, मी त्यातला एक सेल मीटरच्या चेंबरवर बसूनच तपासला. मल्टिमीटरवर लोडशिवाय 3.66 व्होल्ट, अगदी नव्यासारखा. मग 33 ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे जेमतेम 100 मिलिअँपिअर. काटा असता तर आपटला असता : 2.4. तिथून हळूहळू चढत 3.3 वर यायला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ गेला. मोडेम 3.4 च्या खाली बंद पडतो. हा व्हिडिओ मी तुम्हाला पाठवला, आणि तुमच्या तंत्रज्ञांनी त्यातलं फक्त 3.66 पाहिलं.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये 17 वर्षं काढली आहेत. उंचावरच्या थंडीत वायरलेस सेटची बॅटरी रात्री कोटाच्या आत छातीशी घेऊन झोपायचो, कारण गारठलेली बॅटरी सकाळी ऐन वेळी दगा देते हे पोरवयातच कळलं होतं. तिथे बॅटरीबद्दल पहिला प्रश्न किती अँपिअर-अवर हा कधीच नसायचा. किती थंडीत चालवायची, किती महिने पडून राहणार आणि एका दमात किती करंट ओढणार, हे आधी विचारलं जायचं. लिथियम म्हटलं की सगळं एकच असं नसतं. पेसमेकरमध्ये 1972 पासून लिथियम-आयोडीन सेल वापरात आले, कारण तिथे अगदी कणभर करंट वर्षानुवर्षं लागतो. तोच सेल सक्शन मशीनला लावायचं कुणाच्या मनातही येणार नाही. मग मोडेमला बॉबिन सेल कसा चालेल? तुमच्या ऑर्डर फॉर्मवर रकाने दोनच आहेत, व्होल्टेज आणि क्षमता.

सक्शन मशीनचा पॅक याहून गंभीर आहे. मूळ पॅकला तीन वायरी होत्या, तिसरी थर्मिस्टरची. सेल तापले की ती चार्जरला कळवते आणि चार्जिंग थांबतं. तुमच्या पॅकलाही तीन वायरी होत्या, म्हणून आधी समाधान वाटलं. पण सेलच्या अनुभवानंतर मन राहीना. निळी श्रिंक स्लीव्ह कापली, तर तिसऱ्या वायरीच्या टोकाला थर्मिस्टरऐवजी 10 किलोओहमचा साधा रेझिस्टर सोल्डर केलेला. थर्मिस्टरचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो, साध्या रेझिस्टरचा तसा बदलत नाही. म्हणजे सेल भाजून निघाले तरी चार्जरला कायम 25 अंशच दिसणार. ही चूक नाही, हे कुणीतरी जाणूनबुजून केलं आहे. सेलवर आणि पॅकवर आयएस 16046 या बॅटरी सुरक्षेच्या भारतीय मानकाची खूण नाही, नोंदणी क्रमांक नाही. लिथियम बॅटरीच्या वाहतूक सुरक्षेच्या युएन 38.3 चाचणीचा सारांश मागितला, तोही आला नाही. हे मशीन रुग्णाच्या घशातला कफ ओढायला खाटेशेजारी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतात. मी उघडून पाहिला म्हणून तो पॅक तिथवर पोहोचला नाही. असेच पॅक तुम्ही आणखी कुठे दिलेत, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही.

40 सेलचे 54,280 रुपये परत करा किंवा कपॅसिटरसह बांधलेले पॅक द्या. मे महिन्यात नऊ दिवस बुटीबोरीच्या चकरा झाल्या आणि ग्राहकाने माझं बिल अडवलं, त्याची भरपाई वेगळी. पण त्याआधी, या रेझिस्टरवाल्या बनावटीचे पॅक ज्यांना ज्यांना विकले त्यांना या आठवड्यातच कळवून ते परत मागवा. पैशाचं मी थांबू शकतो, याला थांबता येणार नाही. काढलेले सेलही तुम्हीच घेऊन जा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्यांची जबाबदारी उत्पादकावर येते, आणि मी ते भंगारवाल्याच्या हातोडीखाली जाऊ देणार नाही.

ही “व्यावसायिक खरेदी” आहे, ग्राहक कायदा लागू होत नाही, असं तुमच्या कार्यालयातून सुनावण्यात आलं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल 2019 च्या कायद्यात व्यावसायिक खरेदी धरला जात नाही, ते कलम वाचून घ्यावं. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

सोबत बिलं, मेसेज आणि फोटोंच्या प्रती जोडल्या आहेत. उघडलेला पॅक मात्र कुरिअरने पाठवणार नाही. तो रेझिस्टरसकट वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला आहे. तुमचा माणूस पाठवा, त्याला समोर बसवून दाखवतो.

कळावे,

आपला ग्राहक,
हिंगणा एमआयडीसी, नागपूर