मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर त्वचेचीही तपासणी व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन बरीच वर्षे झाली. तपासणीच्या वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसे चालते हे दाखवणारा रक्तातील घटक), रक्तदाब, साखर, टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी हे सारे काटेकोरपणे पाहिले जाते. त्वचा मात्र कोणी पाहत नाही, आणि याविषयीच मला लिहायचे आहे.

शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मूत्रपिंड चालू आहे तोवर घ्यावीच लागतात. परंतु उन्हातील अतिनील किरणांनी बिघडलेल्या पेशी ओळखून नष्ट करण्याचे कामही हीच प्रतिकारशक्ती करते. ती दबली की अशा पेशी वाढू लागतात, एरवी आटोक्यात राहणारा, चामखिळी आणणारा पॅपिलोमा विषाणूही बळावतो आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अनेक जुन्या रुग्णांना दिलेल्या अझाथायोप्रिनने तर त्वचा उन्हाला अधिकच हळवी होते. गोऱ्या लोकांच्या देशांत प्रत्यारोपण झालेल्यांना स्क्वॅमस सेल (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशी) प्रकारच्या त्वचाकर्करोगाचा धोका इतरांपेक्षा ६५ ते २५० पट असल्याचे आढळले आहे.

आपल्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आपल्याकडे हे प्रमाण पुष्कळ कमी आहे, हे खरे. पण सावळ्या त्वचेत हा कर्करोग ऊन न लागणाऱ्या जागीही, जांघेत किंवा जननेंद्रियांपाशी होतो, आणि त्या जागा डॉक्टरांना दाखवायला आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांना, फार संकोच वाटतो. तळपायावरची न भरणारी जखम किंवा वाढत जाणारा काळा डाग तर शेतकरी माणूस काटा रुतला असेल म्हणून हळद लावून महिनोन्महिने अंगावर काढतो. तासगाव परिसरात एप्रिलच्या उन्हात द्राक्षबागेची खरड छाटणी करणाऱ्या प्रत्यारोपित रुग्णाला पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि भर दुपारी सावली, एवढे तरी डॉक्टरांनी मराठीतून लिहून द्यायला हवे.

वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडून सर्वांगाची तपासणी हा नेमाच्या तपासणीचाच भाग करावा, अशी माझी विनंती आहे. सांगली-मिरजेत असे तज्ज्ञ आहेत. त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. हे वाचून भीतीपोटी कोणीही गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कारण त्याने मूत्रपिंडच गमवावे लागू शकते. गरज भासल्यास सिरोलिमससारखे पर्यायी औषध द्यायचे की नाही, हे मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवतात.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)