रिपोर्टखाली दोन ओळी मराठीत छापा

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकटीला डेंग्यू झाला. बेळगावच्या लॅबचा रिपोर्ट हातात पडला: आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. खानापूरला परतताना बसमध्ये सासूबाई एकच विचारत होत्या, ‘म्हणजे बरं की वाईट गं?’

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून सांगू शकले. शरीरात रोगाशी लढणाऱ्या हजारो बी पेशींपैकी एखादीच्या पृष्ठभागावरच्या साच्यात विषाणूचा तुकडा नेमका बसतो. रोगप्रतिकार करणाऱ्याच दुसऱ्या एका, मदतनीस टी पेशीने दुजोरा दिला की ती झपाट्याने वाढते आणि प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिने, सोडते. आधी आयजीएम प्रकारची. मग लसिका गाठींत त्याच वंशातल्या पेशी जनुकाचा तुकडा छाटून आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे बनवू लागतात; शत्रू तोच, पकड जास्त घट्ट. मोजक्या जनुकांतून इतके साचे कसे घडतात, याचा उलगडा करणाऱ्या सुसुमु तोनेगावांना १९८७ चे नोबेल मिळाले.

आयजीजी नव्हती, म्हणजे लागण बहुधा पहिलीच. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर जास्त जपावे लागते, म्हणून हे घरच्यांना कळायलाच हवे. पण रिपोर्ट इंग्रजीत, आणि सासूबाईंना वाचता येते फक्त मराठी. लॅबवाल्यांनी खाली कन्नड-मराठीत अर्थ सांगणाऱ्या दोन ओळी छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, खानापूर