विषय : लॅपटॉपमधलं तुमचंच लिक्विड मेटल गळलं आणि 'लिक्विड डॅमेज' माझ्या नावावर चढवलं, त्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख (भारत),
प्रत : वॉरंटी विभाग, तक्रार निवारण अधिकारी

आत्ताच तुमच्या एस्कलेशन डेस्कशी बोलून फोन ठेवला. "सर, सिस्टममध्ये सीआयडी दाखवतंय, आता आमच्या हातात काही नाही," असं सांगून झाल्यावर पलीकडच्या बाईंनी आजच्या संवादाला दहापैकी किती गुण द्याल असं विचारलं. (सीआयडी म्हणजे नुकसान ग्राहकानेच केलं, असा तुमचा शेरा.) तोंडी काही बोललो नाही. लेखी बोलतो.

मशीन कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे, सिरियल नंबर केसमध्ये आहे. पण तुमच्या माणसांना दर फोनला पहिल्यापासून सांगायची सवयच लागली आहे, म्हणून इथेही सांगतो. सोळा इंची गेमिंग लॅपटॉप, आय९-१४९००एचएक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, २४० हर्ट्झचा डिस्प्ले. गेल्या दिवाळीत नागपुरात सीताबर्डीतल्या तुमच्या अधिकृत दुकानातून २,८९,९९० रुपयांना घेतलं. त्यावर तीन वर्षांचा 'प्रीमियम ऑनसाइट सपोर्ट' वेगळे पैसे भरून घेतला, कारण दुकानातला पोरगा म्हणाला होता, "सर, यात इंजिनिअर घरी येतो, तुम्हाला सेंटरची पायरी चढावी लागणार नाही." ती पायरी आता मला पाठ झाली आहे.

मी इंटिरिअरची रेंडर्स (खोल्यांची संगणकावर केलेली चित्रं) करून पोट भरतो आणि रात्री गेम खेळतो. दोन्ही कामांना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तासन् तास पूर्ण ताकदीने चालावं लागतं. तुमच्या जाहिरातीत हेच लिहिलं होतं. प्रोसेसरला ५.८ गिगाहर्ट्झ, ग्राफिक्सला १७५ वॅट, आणि हे सगळं थंड ठेवायला प्रोसेसरवर, उष्णता वरच्या हीटसिंककडे नेण्यासाठी, साध्या पेस्टऐवजी पातळ धातू, म्हणजे लिक्विड मेटल. या शेवटच्या दोन शब्दांवर लक्ष ठेवा, पत्रात पुढे लागणार आहेत. तुमच्या सेंटरला मात्र ते लागलेले नाहीत.

उन्हाळा संपता संपता रेंडरला दुप्पट वेळ लागायला लागला. गेममध्ये वीसेक मिनिटं झाली की चित्र अडखळायचं, पंखे बोंबलायचे आणि प्रोसेसरचा वेग दोन गिगाहर्ट्झच्याही खाली यायचा. तापमान बघितलं तर प्रोसेसरच्या मुख्य कोअरपैकी (पी-कोअर) दोन १०० अंशांना टेकलेले आणि शेजारचे सत्तर-बहात्तरवर. एकच चिप, एकच हीटसिंक. याचा अर्थ तुमच्या कंपनीत एकाला तरी कळत असेल, असं मी धरून चालतो : चिप आणि हीटसिंक यांच्यामधलं लिक्विड मेटल एका बाजूला सरकलं आणि दुसरी बाजू कोरडी पडली. कोरड्या बाजूचे कोअर भाजतात, १०० वर पोचले की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच मंद होतो. सगळे लॉग, स्क्रीनशॉट केसला जोडले आहेत. एकानेही ते उघडल्याचं दिसत नाही.

फोनवर काय सांगितलं? विंडोज नव्याने टाका. टाकलं. बायोस अपडेट करा. केला. मग एका गृहस्थांनी विचारलं, "सर, आप हेवी गेम खेलते हैं क्या?" म्हटलं, हो. तर म्हणाले, थोडं कमी करून बघा. गेमिंग लॅपटॉपवर. मशीनच्या पाठीवर तुमचा तो उजळणारा लोगो, कीबोर्डाला दीड कोटीहून जास्त रंगांचे दिवे, आणि सल्ला काय तर याच्यावर गेम खेळू नका. दिव्यांचं काम मात्र चोख आहे हो. मशीन गचकन बंद पडायचं त्या क्षणापर्यंत ते नाचत असायचे.

दुसऱ्या एकीने विचारलं, मशीन उभं ठेवता का? म्हणजे लिक्विड मेटल सरकलं तर दोष माझा. लॅपटॉपसोबत तुम्हीच एक बॅग फुकट दिलीत, तिच्यात लॅपटॉप उभाच बसतो. मग बॅग कशाला दिलीत?

शेवटी एकदाचा इंजिनिअर घरी आला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. या सगळ्या प्रकरणात खरं बोललेला तो एकटाच माणूस. मागचं झाकण त्याने माझ्यासमोर उघडलं, पंखे पाहिले, धूळही नव्हती, आणि म्हणाला, "भाऊ, प्रोसेसरवर एलएम, लिक्विड मेटल आहे. त्याला हात लावायची आम्हाला परमिशन नाही, आणि किटमध्ये आमच्याकडे साधी पेस्टच असते. सेंटरला जमा करा." म्हणजे ऑनसाइटचे पैसे घेऊन तुम्ही असा माणूस पाठवता ज्याला बिघाडाच्या जागेला शिवायची मुभा नाही. बरं. केलं जमा. जॉबशीटवर 'नो फिजिकल डॅमेज' असं तुमच्याच काउंटरने लिहून दिलं आहे. हेही लक्षात ठेवा.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र लिहितो आहे, तो सांगतो.

काही दिवसांनी मेसेज आला : 'लिक्विड डॅमेज आढळले, वॉरंटी लागू नाही, एस्टिमेट पाहा.' एस्टिमेट १,३६,००० रुपये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेल्या, त्यामुळे काहीही बिघडलं तरी अख्खा मदरबोर्ड बदलायचा. मी तसाच सेंटरला गेलो. मॅनेजरसाहेबांनी मला वीसेक मिनिटं बसवलं, मग आपल्या फोनवरचा एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला. हीटसिंक काढलेला बोर्ड, मधोमध प्रोसेसर, त्याच्याभोवती फोमची चौकट, आणि त्या चौकटीच्या बाहेर, बारीक बारीक कपॅसिटरांच्या रांगेवर, तीन-चार चकचकीत रुपेरी थेंब.

"हे बघा सर, लिक्विड."

मी म्हटलं, "हे पाणी दिसतं तुम्हाला?"

"पाणी असं नाही. कोल्ड ड्रिंक पण असू शकतं."

रुपेरी कोल्ड ड्रिंक. नागपुरात ते कुठे मिळतं हे विचारायचं ओठांवर आलं होतं, पण मी शांतपणे म्हटलं, "साहेब, हे लिक्विड मेटल आहे. तुमच्याच कारखान्यात लावलेलं. ते फोमच्या बाहेर आलंय, म्हणून तर कोअर तापताहेत. आणि ते विजेचं वाहक आहे, कपॅसिटरवर गेलं की बोर्ड शॉर्ट होणारच."

त्यावर त्यांनी मला विचारलं, "घरी कूलर आहे का?"

नागपुरात राहणाऱ्या माणसाला विचारतात, घरी कूलर आहे का. म्हटलं, "हॉलमध्ये आहे. मशीन आतल्या खोलीत असतं, तिथे एसी आहे." त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'कूलर : यस'. एसीसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "कूलरने मॉइश्चर येतं ना सर. मॉइश्चर म्हणजे लिक्विडच."

मी माझ्या फोनवर तुमच्या वेबसाइटवरचं याच मॉडेलचं पान उघडलं. तिथे तुम्ही एक ॲनिमेशन लावलं आहे : प्रोसेसरवर एक रुपेरी थेंब पडतो, पसरतो, आणि वर भल्या मोठ्या अक्षरात 'लिक्विड मेटल कूलिंग'. त्यांच्या फोटोतला थेंब आणि तुमच्या ॲनिमेशनमधला थेंब मी शेजारी शेजारी धरले. त्यांनी दोन्ही फोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. तर म्हणाले,

"सर, ते मार्केटिंगचं आहे."

हे वाक्य मी तुमच्याकडे जसंच्या तसं पाठवतो आहे, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. दोन लाख नव्वद हजार रुपये मी त्या 'मार्केटिंगच्या' गोष्टीसाठीच मोजले होते. ती गोष्ट मशीनमध्ये नाहीच असं तुमच्या मॅनेजरचं म्हणणं असेल, तर ती फसवणूक झाली आणि तसं मला लेखी द्या. असेल, तर फोटोतले थेंब तिचेच आहेत आणि वॉरंटी तुमच्याच गळ्यात आहे. तिसरी वाट मला तरी दिसत नाही. म्हटलं, त्या थेंबांची तपासणी करा, गॅलियमचा मिश्रधातू आहे की कोल्ड ड्रिंक ते कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. पाणी वाळतं, त्याचे पांढरे डाग पडतात, गंज चढतो. कोल्ड ड्रिंक चिकट होतं. इतक्या दिवसांनी गोल, चकचकीत, ओला थेंब कशाचा राहतो? तर उत्तर आलं, "टेस्टिंग आमच्याकडे होत नाही. आम्ही व्हिज्युअल बघतो."

व्हिज्युअल बघून सीआयडी लावला. कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज, म्हणजे नुकसान ग्राहकाने केलं. सिस्टममध्ये हे एकदा चढलं की पुढचा प्रत्येक माणूस तेवढंच वाचतो. मी लॉग पाठवले, सीआयडी. जॉबशीट पाठवली, सीआयडी. तुमच्या इंजिनिअरने स्वतः एलएम म्हटल्याचं सांगितलं, तर "त्यांनी रिमार्क्समध्ये टाकलं नाही, सर." आजच्या बाईंनी तर कमाल केली. म्हणाल्या, ॲक्सिडेंटल डॅमेज प्लॅन घेतला असता तर हे फुकटात झालं असतं, पुढच्या मशीनला नक्की घ्या. पुढच्या मशीनला! कारखान्यात लावलेलं लिक्विड मेटल गळलं, तर त्याच्या अपघाताचा विमा मी उतरवायचा, असं तुमचं धोरण दिसतं.

बाकी बारीकसारीक तक्रारी आहेत. डाव्या बिजागरीजवळचं प्लास्टिक पहिल्या काही महिन्यांतच उचकटायला लागलं, अंधारात डिस्प्लेच्या खालच्या कडेने उजेड झिरपतो, ३३० वॅटचा ॲडॉप्टर हात लावू देत नाही. त्या सगळ्या मी सोडून दिल्या होत्या. हे सोडणार नाही.

या मशीनच्या आधी तुमचाच साधा लॅपटॉप माझ्याकडे होता. निम्म्याहून कमी किमतीचा, साध्या पेस्टवर चालणारा. तो आजही चालतो, हे पत्र त्याच्यावरच लिहितो आहे. मित्रांना मी तुमचंच नाव सांगायचो. दोघांनी माझ्या सांगण्यावरून घेतलेही. आता त्यांना काय सांगू, उभे ठेवू नका, तापवू नका, गेम खेळू नका, आणि घरातला कूलर विका?

मला काय हवं ते सरळ लिहितो. एक, सीआयडीचा शेरा लेखी रद्द करा. दोन, मदरबोर्ड वॉरंटीत बदलून द्या, आणि नवा द्या, दुसऱ्या कोणाचा दुरुस्त केलेला नको. ते जमत नसेल तर मशीन परत घ्या आणि सपोर्ट प्लॅनसकट पैसे परत करा. तीन, जुना बोर्ड आहे तसा ठेवा, थेंब पुसू नका. पुसले तर ते का पुसले हेही सांगावं लागेल, कारण तुमच्या मॅनेजरने दाखवलेल्या फोटोचा फोटो मी तिथेच काढून घेतला आहे.

पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार आणि पाठोपाठ नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दाखल करता येतो, तुमच्या हेड ऑफिसच्या गावी मला यावं लागत नाही. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही. दोष तपासायची गरज असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो, म्हणजे तुमच्याकडे जे 'टेस्टिंग होत नाही' ते तिथे होईल. मी धंद्यासाठी मशीन घेतलं असं तुमचे वकील म्हणतील. बिल माझ्या नावावर आहे, आणि स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यावसायिक धरत नाही. त्यांना ठाऊक असेलच.

हे लिहीत असतानाच तुमच्या सेंटरचा आणखी एक मेसेज आला. एस्टिमेट मंजूर करा किंवा मशीन घेऊन जा, नाहीतर दिवसाला शंभर रुपये स्टोरेज चार्ज लागेल. मशीन मी नेणार नाही, पुरावा आहे तिथेच राहू दे. आणि स्टोरेज चार्जचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं ते तुम्ही आणि तुमचे मॅनेजरसाहेब आपसात ठरवा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
नागपूर
सोबत : बिल, जॉबशीट, तापमानाचे लॉग, थेंबांचा फोटो