बिठूरला वाडा शोधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत बिठूरवरचं टिपण आलं. कोकणातल्या यात्रा कंपन्या काशी, प्रयाग, अयोध्या करतात आणि कानपूरपासून जेमतेम २५ किलोमीटरवरचं हे गाव टाळतात, त्यामुळे आनंदच झाला. मात्र फोटो छापलात तो पानिपतच्या वेळच्या नानासाहेबांचा. ते १७६१ मध्येच वारले. बिठूरचे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, मूळचे कर्जतजवळच्या वेणगावचे, दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेले. राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही बिठूरचा नव्हे, काशीचा. बिठूरला त्यांचं बालपण गेलं.

टिपणात ‘पेशव्यांचा किल्ला’ म्हटलं आहे. किल्ला तिथे नव्हताच, होता तो वाडा. जून १८१८ मध्ये बाजीराव ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कम या अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाले, ते दख्खन सोडण्याच्या अटीवर आणि सालिना ८ लाखांच्या तनख्यावर. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. पुढे बिठूरला जानेवारी १८५१ पर्यंत जगले. हिशेब केला तर अडीच कोटींच्या वर रक्कम जाते. एवढी वर्षं द्यावी लागेल असं कंपनीला क्वचितच वाटलं असेल! त्यांच्यामागे डलहौसीने नानासाहेबांना हा तनखा नाकारला, आणि पुढचं सत्तावन्न सर्वांना ठाऊक आहे.

लोक चुकतात ते इथे. आमच्या श्रीवर्धनच्या भटांच्या घराण्याचा शेवटचा पेशवा इथे राहिला, म्हणजे शनिवारवाड्यासारखं काहीतरी असणार, अशा समजुतीने जातात आणि हिरमुसून परततात. जुलै १८५७ मध्ये इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेने वाडा जाळला, १६ ऑगस्टला बिठूरलाच पुन्हा लढाई झाली, आणि डिसेंबरात दुसरा इंग्रज सेनापती होप ग्रँट याच्या माणसांनी उरलंसुरलं पाडून विहिरीचं पाणी उपसलं. सोन्याचांदीची भांडी निघाली ती त्या विहिरीतून. आज पाहायला मिळतं ते स्मारकाचं उद्यान आणि नानासाहेबांचा पुतळा. इथे एक घोळ हमखास होतो. कानपूर शहरातही नानाराव पार्क आहे, तेव्हा रिक्षावाल्याला नुसतं ‘नानाराव पार्क’ सांगितलंत तर तो तिथेच उतरवील. ‘बिठूर, ब्रह्मावर्त घाट’ असं सांगावं.

घाटावर ब्रह्मदेवाची खुंटी आहे, पायरीत बसवलेली छोटीशी. फुलांच्या ढिगाखाली ती झाकलेली असते, पुजाऱ्याला फुलं बाजूला करायला सांगितल्याशिवाय दिसत नाही. जवळचा पत्थर घाट अवधच्या नबाबाचे मंत्री टिकैतराय यांनी लाल दगडात बांधला. अंगण खणलं की जांभा लागणाऱ्या आपल्या माणसाला ‘पत्थर’ हे नाव गंमतीचं वाटेल. पण तिकडे सगळा गंगेचा गाळ, दगड बाहेरूनच आणायचा. म्हणून जुनी घरं चपट्या लाखोरी विटांची, आणि दगडी घाटाचं अप्रूप. वाल्मीकी आश्रमाच्या आवारात मात्र ओळखीची खूण भेटते: दिवे ठेवायच्या कोनाड्यांची उंच दीपमाळ, आतून जिना असलेली. वाड्यापेक्षा तीच पाहा.

जायचं कसं, हे टिपणात नव्हतं. माणगाव किंवा खेडहून पनवेल, तिथून रस्त्याने कल्याण, आणि कल्याणला पुष्पक एक्स्प्रेस. ती झाशीवरून कानपूरला जाते. लांज्याजवळच्या कोट गावचे नेवाळकर झाशीचे राज्यकर्ते झाले, तेव्हा परतीच्या वाटेवर एक दिवस झाशीलाही द्यावा. तिकीट काढताना नुसतं ‘झाशी’ शोधू नका. स्टेशनचं नाव आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई’पासून सुरू होतं. कानपूरहून बिठूरला जी. टी. रोडने मंधनापर्यंत जाऊन तिथून आत वळायचं. अर्धा दिवस पुरतो. वेळ हाताशी असेल तर त्याच रस्त्याने पुढे अत्तरांचं कनौज आहे.

डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, त्यामुळे पुढच्या गाडीचं आरक्षण त्याच दिवशीचं ठेवू नये. मे-जूनमध्ये लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहते. कार्तिकी पौर्णिमेला घाटावर मोठी जत्रा भरते. जत्राच पाहायची नसेल तर तो आठवडा सोडून फेब्रुवारीत जावं.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन (जि. रायगड)