समोरची खोली

बेळगाव

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "म्हणजे आता तू बाळंतपणं करणार नाहीस?" तेवढ्यात जांबोटीच्या पुढं रेंज गेली.

नाही करणार, बाबा. जिल्ह्यातल्या बाळंतपणांवर देखरेख ठेवायचं काम अंगावर घेतल्यावर हातमोजे चढवायची वेळ क्वचितच येईल. माझ्या दवाखान्यासाठी तुम्ही समोरची खोली इतकी वर्षं भाड्यानं दिली नाहीत, ते मी विसरलेले नाही.

पण थोरल्या आत्याचं आईनंच सांगितलं होतं. मूल झालं, वार पडली, बाया सुटलो म्हणून चहा ठेवायला उठल्या आणि आत ती रक्त जाऊन गेली. किती गेलं, कुणाला कळलंच नाही.

ते मोजायचं काम आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं. १६२० बायकांचा तो अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाळ होताच एएनएम सिस्टरांनी, म्हणजे गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंनी, रक्तस्राव टाळणारं मिसोप्रोस्टॉल हे औषध तोंडावाटे दिलं, बाईच्या खाली खुणांची प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. औषधाविना शंभरातल्या १२ जणींना जादा रक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत ६.४. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या सिस्टरांच्या हातून झालेलं हे काम! मला त्याचा फार अभिमान आहे.

मातामृत्यूच्या फायलींत आता मी आधी वेळा बघते. कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी बोलावली, पोचली कधी, रक्ताची पिशवी कधी मिळाली. खाटेपाशी उभी असताना यातलं काहीच माझ्या हातात नसायचं. बाई पोचायची तेव्हाच उशीर झालेला असायचा. आता गोळ्या संपायच्या आत मागवणं, गाडीत डिझेल आहे का बघणं, हेच माझं काम.

(आई, गरोदर बाईच्या नोंदींच्या सरकारी 'तायी कार्डा'ला आपल्याकडच्या बायका 'ताई कार्ड' म्हणतात. कानडीत तायी म्हणजे आई. मला दोन्ही आवडतं.)

कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दिवस भरलेल्या बाईला आठ दिवस आधी खाली आणलं, तर रात्री ओढा उतरायची वाट बघावी लागत नाही. पण खानापुरात नातलग नसलेलीनं राहायचं कुठं?

बाबा, आषाढ-श्रावणापुरती ती समोरची खोली द्याल? दोन खाटा मी पाठवते. आई, मोरीचं दार तेवढं दुरुस्त करून घे.

तुमची,
बेबी