घुग्घुसच्या काकांना, चुन्याच्या पट्ट्याबद्दल

काका, सा. न.

मुलीकडे नाशिकला आला होतात तेव्हा आमच्या गच्चीवरच्या खोलीत चहाला आलात, माझी छोटी मॉडेल मालगाडी पाहिलीत आणि म्हणालात, "कोळशाला इस्त्री केली का, बाप्पा?" खरं सांगतो, त्या दिवशी राग आला होता. आज आभार मानायला बसलोय.

१:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, बॉक्स-एन वॅगन (रेल्वेचा वरून उघडा मालडबा) जेमतेम १२ सेंटीमीटरची होते. तिच्यात मी खराखुरा कोळसा कुटून, पट्टीने सपाट करून भरला होता. तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून दाखवलंत: सायडिंगला, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या रुळावर, लोडर यंत्र बाजूने बकेट ओततं, त्यामुळे एका वॅगनमध्ये तीन-चार ढीग पडतात आणि मध्ये खळगे राहतात. सायलोखाली, म्हणजे कोळशाच्या उंच कोठाराखाली, वरून भरलेल्या रेकचा (अख्ख्या मालगाडीचा) माथा मात्र एकसारखा. चाळीस वर्षं रेल्वेत माल कारकुनी केलेल्या माणसालाच हे सुचावं!

मग सगळं उपसलं. आता खाली फोमचा तुकडा, त्यावर कोरलेले ढीग. (आधी थर्माकोल घेतला होता. काळा स्प्रे मारताच तो विरघळला, ते जाऊ द्या.) खऱ्या कोळशाचं १० सेंटीमीटरचं ढेकूळ माझ्याकडे सव्वा मिलिमीटरही भरत नाही, म्हणून चुरा चहाच्या गाळणीतून चाळतो. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की तो चुऱ्यात मुरतो, नाहीतर वरच गोळा होऊन बसतो. फोमखाली लोखंडी वायसर चिकटवलाय. लोहचुंबक धरला की माल अलगद वर येतो, आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राला भरून गेलेली गाडी रिकामी परतते.

लोहखनिजाच्या दोन वॅगनीही सुधारल्या. बॉक्स-एनमध्ये जागा ५६ घनमीटर, माल साधारण ५८ टन. कोळसा काठाच्या वर जातो, पण खनिज अर्ध्याच्या आतच वजन गाठतं. मी तेही शिगोशीग भरलं होतं! "ॲक्सल मोडला असता," म्हणाला होतात.

पण सगळ्यात आवडला तो चुना. वाटेत कोळसा चोरला तर कळावं म्हणून भरलेल्या मालावर चुन्याचं पाणी मारतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पातळ पांढरा रंग जुन्या टूथब्रशने उडवला आणि बाराही वॅगन एकदम घुग्घुसच्या कोळसा खाणीहून सुटल्यासारख्या दिसायला लागल्या.

दिवाळीत याल तेव्हा गाडी चालवून दाखवतो. एका वॅगनवरचा चुना मुद्दाम मोडून ठेवलाय. कितवी, ते तुम्ही ओळखायचं.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा